कुत्र्याला तारण काय देता?

‘दत्तक’ हा शब्द आमच्या लहानपणी फार वजनदार होता. वतन, वाडा, देवघर आणि पिंडदान यांच्याशी त्याची सोयरीक. साताऱ्याच्या गादीचे दत्तकविधान डलहौसीने १८४८ साली नामंजूर केले आणि राज्य खालसा केले, हा धडा शिकवताना आमच्या मास्तरांचा आवाज चढत असे. कुत्राही दत्तक घेतात, असे त्यांना कुणी सांगितले असते तर त्यांनी छडीच उचलली असती. कुत्रा तेव्हा घ्यावा लागत नसे, तो येई. शाळेतून परतताना एखादे पिल्लू पायांत घोटाळत घरापर्यंत पोचे. आई दोनदा ‘हाड’ म्हणे, तिसऱ्यांदा शिळ्या भाकरीचा तुकडा टाके, आणि विधी पुरा होई. मुहूर्त नाही, साक्षीदार नाही, कागद तर नाहीच नाही.

आता कागद आहे. मुंबई, ठाणे, नवी मुंबईत रस्त्यावरच्या जखमी, बेवारशी कुत्र्यामांजरांना उचलून आणणाऱ्या, त्यांचे औषधपाणी करणाऱ्या आणि त्यांना घर मिळवून देणाऱ्या पुष्कळ संस्था आहेत. काही मोठ्या, नोंदणीकृत. काही म्हणजे एखाद्या बाईची दोन खोल्यांची जागा आणि तिच्या पगारातून जाणारा औषधांचा खर्च. रविवारी कुठे कुठे मेळावे भरतात, पिंजऱ्यांत पिल्ले ठेवलेली असतात, आणि एखादे आवडले तर ‘अडॉप्शन फॉर्म’ भरून द्यायचा असतो. हे काम चांगले आहे. पुढे या मंडळींशी थोडे भांडायचे आहे, म्हणून हे आधीच मोकळेपणाने सांगून ठेवतो. गटारातून, चिखलातून, गाडीच्या चाकाखालून जनावर बाहेर काढणे हे घरात बसून लेख लिहिण्याइतके सोपे नाही.

भांडण आहे ते त्या फॉर्मशी.

माझी उमेदीची वर्षे बँकेत गेली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. मी कादंबऱ्या लिहितो हे आमच्या इमारतीत फारसे कुणाला ठाऊक नाही. पण ‘काका फॉर्म बिनचूक भरून देतात’ ही कीर्ती मात्र कळंबोलीच्या तीन सेक्टरांत पसरली आहे. रेशनकार्डापासून हयातीच्या दाखल्यापर्यंत कसलेही कागद घेऊन माणसे येतात. गेल्या काही वर्षांत त्यांत या दत्तक घेण्याच्या फॉर्मची भर पडली. पहिला फॉर्म हातात आला तेव्हा जुना ओळखीचा माणूस वेश पालटून दारात उभा राहावा तसे वाटले. घर स्वतःचे की भाड्याचे? भाड्याचे असल्यास मालकाचे ना हरकत पत्र. मासिक उत्पन्न. नोकरीचे ठिकाण. विवाहित की अविवाहित. वय. दिवसभर घरात कोण असते? खिडक्यांना जाळी आहे का? परगावी गेल्यास प्राणी कुणाकडे ठेवाल? ओळखीच्या दोन व्यक्तींची नावे, म्हणजे आमच्या भाषेत दोन जामीनदार. ‘तारण काय देता’ एवढाच रकाना राहिला होता. नीट पाहिले तर तोही होता, घराच्या रकान्याआड दडलेला.

यातला एकेक प्रश्न सुटा घेतला तर त्यात वावगे काही नाही. जाळीचा प्रश्न तर हवाच. वरच्या मजल्यावरून पडलेली मांजरे मी पाहिली आहेत. पण प्रश्न विचारणे निराळे आणि उत्तरावरून माणूसच बाद करणे निराळे. भाडेकरू? नाही. एकटा पुरुष? नाही. पासष्टीच्या पुढचे? नाही. एका खोलीत राहणारे? ‘आम्ही कळवतो.’ सगळ्याच संस्था असे करतात असे नाही. पण जिथे करतात तिथे ते कुठे लिहून ठेवलेले नसते आणि नकाराचे कारणही मिळत नाही. बँकेत निदान कर्ज नाकारल्याचे पत्र तरी जायचे.

प्राण्यांच्या आश्रयस्थानांचा मुंबईतला इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे फार चमत्कारिक वाटेल. १८३२ साली इंग्रज सरकारने मुंबईतली मोकाट कुत्री मारण्याची मोहीम काढली आणि दर कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस लावले. बक्षिसाच्या लोभाने लोकांच्या दारातली, घरातली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी समाजात कुत्र्याला मान आहे, अंत्यविधीतही त्याची नजर मृतावर पडावी लागते. जूनमध्ये कोट भागात पारशी रस्त्यावर उतरले, दुकाने बंद झाली, हिंदू आणि जैन व्यापारीही त्यांत सामील झाले आणि सरकारला फौज बोलवावी लागली. त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ साली, जमशेटजी जीजीभाई आणि मोतीचंद अमीचंद यांनी पुढाकार घेऊन मुंबईच्या पांजरपोळाची स्थापना केली. पुढे १८७४ साली प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी सोसायटी आली, आणि १८८३ साली परळला दिनशा पेटिट यांच्या देणगीतून त्यांच्या पत्नीच्या, बाई साकरबाईंच्या नावाचे ते इस्पितळ. जुन्या गिरणगावकरांचे ‘बैलघोडा हॉस्पिटल’. या जागा मुख्यतः ठेवून घेणाऱ्या होत्या. पांजरपोळात शिरलेले जनावर बहुधा तिथेच म्हातारे होई. त्यामुळे ते कुणाला द्यावे हा प्रश्नच नव्हता. आजच्या संस्थांना मात्र आणलेले जनावर पुढे एखाद्या घरात पोचवायचे असते, नाहीतर नव्याला जागा होत नाही. जनावर आत घेताना कुणाचे कूळ पाहावे लागत नाही, बाहेर देताना माणूस निवडावा लागतो. आपल्याकडे माणूस निवडायची वेळ आली की काय होते, ते लग्नाच्या जाहिराती वाचणाऱ्यांना सांगायला नको.

कळंबोली म्हणजे काय, हे लांबच्या वाचकांना थोडक्यात सांगतो. सिडकोने वसवलेली वसाहत. पुण्याकडे जाणारा द्रुतगती महामार्ग इथून सुरू होतो, आणि मुंबईबाहेर काढलेला लोखंडाचा बाजार इथे आहे. पत्र्याच्या गोदामांच्या रांगा, सळ्यांच्या थप्प्या, ओझ्याने कण्हणारे ट्रेलर. या बाजारातली कुत्री कुणाचीच नाहीत आणि सगळ्यांची आहेत. हमाल, ड्रायव्हर, टपरीवाले आणि रखवालदार यांच्या डब्यांवर ती जगतात. पलीकडे तळोज्याची औद्योगिक वसाहत. २०१७ च्या ऑगस्टमध्ये तिथली काही कुत्री निळी झाली होती, आठवत असेल. एका कारखान्यातला रंग पाण्यात आणि हवेत मिसळत होता. निळ्या कुत्र्याचे फोटो जगभर छापून आले, हळहळ झाली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला. ठीकच झाले. पण निळी होण्याआधी आणि निळेपणा उतरल्यावर अशा कुत्र्यांना भाकरी घालणारे हात कुणाचे असतात, ते फोटोत येत नाही. फाटकावर बारा बारा तास उभा राहणारा, एजन्सीकडून पगार घेणारा माणूस असतो तो.

असाच एक रखवालदार माझ्याकडे फॉर्म घेऊन आला. नांदेडकडचा, पन्नाशीचा, लोखंड बाजारातल्या एका गोदामावर रात्रपाळीला. त्याच्या खुर्चीखाली पाच वर्षे एक तांबूस कुत्री झोपायची, तिचे नाव सोनी. “रात्री तीनला डोळा लागला तर ती भुंकून उठवायची, साहेब. निम्मा पगार तिचाच आहे,” असे तो सांगे. पावसाळ्यात मागे येणाऱ्या ट्रेलरखाली तिचा पाय सापडला. कुणीतरी एका संस्थेला फोन केला. तासाभरात त्यांची गाडी आली. हे श्रेय त्यांचेच. मागचा एक पाय काढावा लागला, पण सोनी वाचली. तीन पायांची कुत्री पुन्हा ट्रेलरांच्या गर्दीत सोडायची नाही, तिला घर शोधायचे, असे संस्थेने ठरवले. तेही बरोबरच. तेव्हा हा म्हणाला, मग मी माझ्या खोलीवर नेतो.

फॉर्म मी भरला आणि त्याच्याबरोबर गेलोही. तिथली मुलगी सालस होती, बोलणे गोड. तिने विचारले, “काका, तुम्ही कामावर गेल्यावर दिवसभर हिच्याजवळ कोण?” तो म्हणाला, “म्याडम, मी रात्री कामावर असतो. दिवसा खोलीवरच असतो की झोपलेला.” तिने लिहिले, ‘नोकरी, पूर्ण वेळ’. खोली कुणाची? भाड्याची, पण मालक गाववालाच आहे. पगाराची स्लिप? एजन्सीवाला देत नाही. आधी कधी कुत्रा पाळलाय? यावर तो गोंधळला आणि माझ्याकडे पाहू लागला. पाच वर्षे रोज डब्यातली अर्धी चपाती, हिवाळ्यात पोत्याचे अंथरूण, पिल्ले झाली तेव्हा एजन्सीच्या साहेबाची बोलणी. त्याला ‘पाळणे’ म्हणतात की काय, हे त्याला माहीत नव्हते. मुलीने तिथे ‘नाही’ लिहिले. आमचे हे संभाषण चालू असताना पिंजऱ्याच्या जाळीला अंग घासत सोनी तीन पायांवर नाचत होती. ‘आम्ही कळवतो,’ असे उत्तर मिळाले.

तीन महिने झाले तरी त्यांनी कळवले नाही. मधल्या काळात सोनीचा फोटो दोनदा फोनवर फिरला. ‘हिला प्रेमळ घर हवे आहे,’ असे त्याखाली लिहिले होते. तीन पायांच्या, वयाने वाढलेल्या, तांबड्या देशी कुत्रीसाठी कुणी पुढे आले नाही. हा मात्र सुट्टीच्या दिवशी दोन बस बदलून, ग्लुकोज बिस्किटांचा पुडा घेऊन तिला भेटायला जातो. आता तिथली पोरे त्याला ओळखतात, चहा देतात, पिंजऱ्याचे दार उघडून देतात. फॉर्म अजून विचाराधीन आहे.

माझे स्वतःचेही सांगून टाकतो, फार मोठे नाही. दुसऱ्या एका संस्थेत आम्ही नवराबायको म्हातारा कुत्रा मागायला गेलो होतो. पिल्लू नको, मुद्दाम म्हातारा. “काका, राग मानू नका, पण तुमच्यानंतर त्याचं काय?” असा प्रश्न आला. प्रश्न खोटा नाही. बँकेतसुद्धा कर्जाची मुदत कर्जदाराच्या वयाबरोबर ताडून पाहतात. पण मग दहा वर्षांच्या कुत्र्याची मुदत आणि माझी मुदत यांचा हिशोब कुणीतरी मांडायला हवा होता. तो न मांडताच अर्ज बाजूला पडला. इंग्लंडमध्ये १९८५ पासून ‘सिनॅमन ट्रस्ट’ नावाची संस्था नेमके हेच काम करते. म्हाताऱ्या, आजारी माणसांच्या कुत्र्यांना तिचे स्वयंसेवक फिरवून आणतात, आणि मालक गेला तर आधी ठरल्याप्रमाणे जनावराची सोय लावतात. ‘तुमच्यानंतर काय’ याचे उत्तर त्यांनी शोधले. आपण तो प्रश्न दार लावण्यासाठी वापरतो.

आणि काही प्रश्न तर फॉर्मवर नसतातच. आमच्याच बँकेतले एक निवृत्त रोखपाल पनवेलला असतात. त्यांना नातीसाठी मांजर हवे होते. फोनवर सगळे छान बोलणे झाले, खिडक्यांच्या जाळीचे फोटो पाठवून झाले. मग पूर्ण नाव विचारले. नाव मुसलमानी. त्यानंतर फोन आला नाही. कारण दुसरेही काही असू शकेल, मी काही सिद्ध करू शकत नाही. पण ही हकिगत सांगताना त्यांना आश्चर्य वाटलेले दिसले नाही, याचे मला जास्त वाईट वाटले. दुसऱ्या एका घराला विचारले गेले की घरात मटण-मासळी शिजते का. कुत्रा ज्या आहारावर वाढतो त्याच आहारामुळे माणूस नापास! प्राण्याची माया आणि माणसाचा विटाळ ही दोन्ही एका छपराखाली सुखाने नांदू शकतात, हे आपल्याला नवे नाही. आमच्या याच रायगड जिल्ह्यात, तेव्हाच्या कुलाब्यात, महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती आणि अस्पृश्य ठरवलेल्या माणसांना तेच पाणी १९२७ साली सत्याग्रह करून प्यावे लागले. त्या तळ्याची आणि या फॉर्मची बरोबरी मी करीत नाही, ती करणे औचित्याला सोडून होईल. पण भूतदयेची परीक्षा जनावरांच्या बाबतीत घेऊन भागत नाही, एवढे त्या तळ्याने आपल्याला शिकवायला हवे होते.

संस्थांची बाजू मी ऐकली आहे, आणि ती वजनदार आहे. हे काम बरीच वर्षे करणाऱ्या एका बाईंनी मला सुनावले, “काका, तुम्ही दिलेल्यांचा हिशोब मागता. परत आलेल्यांचा मागत नाही.” मग त्यांनी तो सांगितला. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या हट्टासाठी नेलेली पिल्ले शाळा सुरू झाल्यावर परत येतात. घर बदलले की कुत्रा जुन्या इमारतीच्या फाटकातच राहतो. भाड्याचा करार अकरा महिन्यांचा, नवा मालक जनावर नको म्हणतो. कुणी मादी नेतो ती वर्षाला दोनदा पिल्ले विकण्यासाठी. कुणी बांधकामावर राखणीला नेऊन साखळीला जखडतो, आणि इमारत पुरी झाली की साखळीसकट विसरतो. “कुणाला द्यायचं नाही हे आम्ही मार खाऊन शिकलो,” त्या म्हणाल्या. त्यांच्या हातावर चावल्याच्या जुन्या खुणा होत्या, त्यामुळे वाद घालणे कठीण होते. तरी मी एक विचारलेच. परत आलेली ही सगळी कुत्री गेली होती ती कुणाकडे? फॉर्ममध्ये पास झालेल्या घरांकडेच ना? नापास झालेल्यांना तुम्ही कधी दिलेच नाही, तर ते कसे वागले असते हे तुम्हाला कळले कसे? बाई गप्प झाल्या, मग हसल्या, आणि चहा मागवला.

हा प्रश्न माझ्या डोक्यातला नाही, तो बँकेने मला शिकवला. १९६९ च्या १९ जुलैला चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले त्याआधी, आणि नंतरही बराच काळ, गरीब माणूस कर्ज बुडवतो हे बँकांतले ब्रह्मवाक्य होते. गरिबाला कर्ज दिलेलेच नसताना हे कसे समजले, असे कुणी विचारीत नसे. १९७२ मध्ये विभेदक व्याजदराची योजना आली. अगदी तळच्या माणसाला तारणाशिवाय चार टक्के व्याजाने कर्ज. सुरुवातीच्या काळात एका तालुक्याच्या शाखेत मी ती फाइल सांभाळली आहे. केरसुण्या वळणारी एक बाई दर बाजाराच्या दिवशी पदराच्या गाठीतून हप्ता सोडायची. आणि ज्याच्या वाड्याच्या कागदांवर आम्ही डोळे मिटून लाखांचे कर्ज दिले त्याच्या दारात आमची वसुलीची जीप उन्हात उभी असायची. म्हणून सगळे गरीब हरिश्चंद्र असतात असे मी म्हणणार नाही. सरकारी योजनेतल्या ज्या म्हशी फक्त कागदावर दूध देत, त्यांचेही पंचनामे मी केले आहेत. शिकलो ते एवढेच, की कोण फेडेल हे मालमत्ता सांगत नाही. सांगते ती पाहणी. कर्ज देण्याआधीची पाहणी आणि दिल्यानंतरची पाहणी, असे दोन भाग बँकेच्या नियमावलीत असत. पहिला भाग सगळे व्यवस्थित करीत, कारण त्यात साहेबाची सही लागे. दुसरा टाळला जाई, कारण त्यात उन्हात फिरावे लागे. आणि कर्जे बुडत ती बहुधा या दुसऱ्या भागात.

दत्तक देणाऱ्या संस्थांचे नेमके तेच होते. आधी चार पानांचा फॉर्म, व्हिडिओवरून घराची तपासणी, पगाराची चौकशी. नंतर फोनवर पाठवलेले दोन फोटो. कुत्रा सोफ्यावर बसलेला दिसला की खाते नियमित.

हा काही फक्त आपल्याकडचा आजार नाही. २००७ मध्ये अमेरिकेत एलेन डीजेनेरेस या टीव्हीवरच्या प्रसिद्ध बाईंनी एका संस्थेकडून इगी नावाचे पिल्लू घेतले. त्यांच्या मांजरांशी त्याचे जमेना, म्हणून त्यांनी ते आपल्या केशरचनाकाराच्या कुटुंबाला दिले. परस्पर देणे हा कराराचा भंग होता. शिवाय चौदा वर्षांखालील मुले असलेल्या घरात कुत्रा द्यायचा नाही हा संस्थेचा नियम. संस्थेने इगीला परत नेले, त्या घरातल्या मुली रडल्या आणि बाई कॅमेऱ्यासमोर रडल्या. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते. फक्त इगीला ते घर आवडले होते, आणि त्याला विचारणारा रकाना त्या करारातही नव्हता.

भाडेकरूंच्या बाबतीत तर कायदा आपल्या समजुतीच्या पुढे गेला आहे. प्राणी कल्याण मंडळाने २०१५ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले, की कुठल्याही सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव करूनही नाही. इंग्लंडने २०२५ च्या भाडेकरू हक्क कायद्यात पाळीव प्राणी ठेवण्याची परवानगी मागण्याचा हक्क भाडेकरूला दिला; सबळ कारणाशिवाय मालकाला ती नाकारता येणार नाही. आपल्या राज्यघटनेत १९७६ साली मूलभूत कर्तव्ये आली. त्यांत प्राणिमात्रांविषयी कणव बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य मानले आहे. तिथे ‘सदनिकाधारक नागरिक’ असा शब्द नाही. संस्थांनी भाडेकरूला ते परिपत्रक हातात द्यावे, मालकाशी चार शब्द बोलावे. त्याऐवजी मालक नाही म्हणेल या भीतीने त्याच आधी नाही म्हणून मोकळ्या होतात.

या बाबतीत आपल्या परंपरेतला सर्वांत मोठा अर्जदार म्हणजे धर्मराज. महाप्रस्थानाला निघालेल्या युधिष्ठिराचा फॉर्म भरून पाहा. घर : राज्य परीक्षिताला देऊन टाकले. उत्पन्न : नाही. वय : झाले. कुटुंब : द्रौपदी आणि चौघे भाऊ वाटेत पडले. कायमचा पत्ता : अनिश्चित. प्राण्याशी पूर्वीचा संबंध : तो आपणहून मागे आला. आणि वर इंद्र रथ घेऊन उभा, एखाद्या सोसायटीच्या चेअरमनसारखा, की कुत्रा बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही. धर्मराज काय म्हणाला हे घराघरांत ठाऊक आहे. आज तो एखाद्या मेळाव्यात उभा राहिला तर त्याला ‘आम्ही कळवतो’ एवढेच ऐकायला मिळेल.

नापास झालेली माणसे पुढे काय करतात, हेही पाहायला हवे. ज्यांच्याजवळ पैसे आहेत ती पिल्ले विकणाऱ्याकडे जातात. कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ साली नियम झाले, प्राण्यांच्या दुकानांसाठी २०१८ साली. पण विकणारा बहुधा एकच विचारतो, रोख की यूपीआय? मग कळंबोलीच्या मे महिन्यात, पत्रे तापलेले असताना, बर्फातला हस्की जिभेवर जीव घेऊन फिरताना दिसतो. या खेळात भेदभाव दोन्हीकडून चालतो, हेही सांगायला हवे. संस्थांना माणूस गोरागोमटा लागतो आणि माणसांना कुत्रा. मेळाव्यात लॅब्रेडोर सकाळीच जातो. काळे पिल्लू राहते, देशी राहते, मादी राहते. काळी देशी मादी तर पिंजऱ्यातच मोठी होते. जे माणूस फॉर्मवर नापास होते तेच नेमके तिला न्यायला आलेले असते, असे मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे.

आणि आता वेळ फार नाही. २०२५ च्या ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातली मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. नसबंदी आणि लसीकरण करून, रेबीज झालेली किंवा अंगावर येणारी वगळता, बाकीची कुत्री मूळ जागी सोडावीत असे सांगितले. ज्यांना कुत्रा दत्तक घ्यायचा आहे त्यांनी महापालिकेकडे अर्ज करावा, मात्र तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही याची जबाबदारी त्यांची, असेही त्या आदेशात होते. नोव्हेंबरात आणखी एक आदेश आला, देशभरासाठी : शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस आणि रेल्वे स्थानके इथली कुत्री निवाऱ्यात न्यावीत आणि परत तिथे सोडू नयेत. लहान मुलांना कुत्रे चावतात, रेबीज होतो, त्या आईबापांची भीती मला कळते. आमच्याही घरात नातवंडे येतात. पण इतकी कुत्री ठेवायला जागा कुठे आहे? पनवेल महापालिका २०१६ मध्ये झाली, तिच्या इतर व्यथाच पुष्कळ आहेत. पिंजरे भरत जाणार आणि कुत्र्यांना घरे लागणार. जाळी लावलेल्या, मालकीच्या, पगारदार, दिवसभर कुणीतरी घरी असलेल्या घरांची संख्या मात्र आहे तेवढीच राहणार.

त्या हातावर खुणा असलेल्या बाईंना मी फॉर्मचा नवा मसुदा करून दिला आहे. पहिला प्रश्न असा : गेल्या पाच वर्षांत कोणत्या जनावराला तुम्ही नियमाने खायला घातलेत आणि त्याचे नाव काय? दुसरा : ते आजारी पडले तेव्हा काय केलेत? तिसरा : याला साक्ष कोण देईल? टपरीवालाही चालेल. घराचा आणि पगाराचा रकाना मी काढलेला नाही, तळाशी नेला आहे. वय विचारले आहे, पण त्यापुढे ‘तुमच्यानंतर जनावर कुणाकडे’ असे विचारून एक नाव आणि त्या माणसाची सही मागितली आहे. नकार द्यायचा असेल तर कारण लेखी द्यावे, असे शेवटी टाकले आहे. त्यावर बाईंनी भुवया उंचावल्या. मग तीन पाहण्या : तिसऱ्या दिवशी, महिन्याने आणि सहा महिन्यांनी, न कळवता. “एवढं फिरणार कोण, काका?” त्यांनी विचारले. मसुदा त्यांच्या कमिटीपुढे आहे. फिरायला मी तयार आहे, पनवेलचे आमचे रोखपाल तयार आहेत, आणि शाखेतले आणखी दोघे निवृत्त अधिकारी, ज्यांनी म्हशींचे पंचनामे केलेले आहेत. गाडीभाडे आम्ही मागणार नाही.